आत काय ठेवलंय

सिंहगडाच्या वाहनतळावर पावती फाडताना
पढेरमावशी दर गाडीला एकच विचारतात :
"आत खायचं काय ठेवलंय?"
"काही नाही" म्हणायचं नसतं.
त्या ऐकत नाहीत, काचेतून बघतात.

सौमित्र तिकडे अमेरिकेत डोंगरात मुक्कामाला गेला
की गाडी उपसून सगळं लोखंडी पेटीत ठेवतो,
बिस्किटं तर झालीच, पण टूथपेस्ट,
ओठांना लावायचं मलमसुद्धा.
अस्वलाला म्हणे बंद काचेतून वास लागतो
आणि दार ते सोलतं, संत्र्यासारखं.
मी फोनवर हसले होते :
त्यापेक्षा आमची माकडं परवडली.

तरी मी शहाण्यासारखी
दशम्या आणि दाण्याची चटणी
घट्ट झाकणाच्या डब्यात घातली,
डबा डिकीत, त्यावर जुनी चादर.
केळी घरीच ठेवली.
फक्त मागची काच चार बोटं खाली,
उन्हानं गाडी तापते म्हणून.

देवटाक्याचं पाणी पिऊन परतले तर
आई टपावर बसलेली,
पिल्लू आत.

डबा जसाच्या तसा.
त्यानं ड्रायव्हरच्या सीटखालून
बाबांच्या चष्म्याचं घर ओढून काढलं होतं
आणि त्यातली गुळाची चिक्की
कागदासकट खात होतं.

बाबांना जाऊन आठ महिने झाले.
गाडी मी दोनदा आतून धुऊन घेतली.
"गोड? सोडलं केव्हाच,"
डॉक्टर टिल्लूंना ते मान ताठ ठेवून सांगायचे,
तीनशे चाळीस साखरेचा कागद समोर असताना.
आणि संध्याकाळी, "चाकात जरा हवा भरून आणतो."
कर्वे पुतळ्यापर्यंतच्या हवेला पाऊण तास.
आई म्हणायची, पंक्चर असेल.

मावशी काठी आपटत आल्या.
"म्हटलं नव्हतं? काहीतरी असतंच आत."
असतं, मावशी.
मलाच ठाऊक नव्हतं.
थांबा, काठी नको.
शेवटचा तुकडा आहे, संपवू दे त्याला.

पिल्लू आलं तसं फटीतून गेलं,
आईनं त्याचं तोंड हुंगलं.

घराच्या कडेला गूळ चिकटलेला.
पुसायला रुमाल काढला,
परत ठेवला.
घाट उतरताना काचा वर घेतल्या,
चारही.
एसी लावला नाही.
डोणज्यापर्यंत घामानं भिजले नुसती.