तिसऱ्या पायरीवरून

पुल्पिट मूळचं इथलं नाही.
कुठल्याशा कॅथेड्रलने नवं संगमरवरी घेतलं
आणि हे लाकडी, पाच पायऱ्यांचं,
मालगाडीने मिरजेला धाडलं.
पावती आहे: 'फर्निचर, नग एक, वापरलेलं.'
किती जणांनी, ते पावतीत नाही.

वरचं छत्र वाटेत दुभंगलं होतं.
छत्राशिवाय आवाज कौलांत जातो,
मागच्या बाकावरच्या फायरमनला
स्वर्ग नुसता पुटपुटल्यासारखा ऐकू येतो.
म्हणून फादर आन्सेल्म सतारमेकर गल्लीत गेले.
दस्तगीरसाब उन्हात भोपळा उलटा करत होते.
शब्द शेवटपर्यंत पोचला पाहिजे, फादर म्हणाले.
शब्दाचं मला कळत नाही, ते म्हणाले,
शेवट किती हातांवर आहे तेवढं सांगा.
मग स्वतःच आले. टाळी वाजवली. थांबले.
परत वाजवली.
तुणीचं लाकूड बसवलं, सतारीला लावतात तेच.
खिळा एकही नाही, नुसता सरस.
मजुरी तीन रुपये, त्यातला एक अजून येणं आहे,
असं त्यांचा पणतू परवा हसत म्हणाला.

प्रवचनांची वही मी सांभाळते.
रकाने तीन: तारीख, प्रवचनकार, विषय.
आन्सेल्म यांची मराठी वाकडी, विषय लांबलचक,
'पापाची गाडी व तिचे न लागणारे ब्रेक.'
रेल्वेवाल्यांना आवडलं असणार.
एका रविवारी ओळ अर्धी सुटली आहे.
लढाई लागली, जर्मन म्हणून त्यांना नगरच्या तळावर नेलं;
चष्म्याचं घर कठड्यावरच राहिलं.

उरले कॅटेकिस्ट, लाजरस आवळे मास्तर.
बिशपांचं पत्र आलं: लोकांना जमवा, जपमाळ म्हणा,
वाचूनही दाखवा,
परंतु पुल्पिटवर चढू नका.
मास्तरांनी पत्राची घडी वहीत ठेवली
आणि तिसऱ्या पायरीवर उभे राहिले.
वर नाही. खालीही नाही.

छत्राची नुसती कड त्यांच्यावर येत असे.
आवाज निम्मा माणसांत, निम्मा कौलांत.
आणि दर रविवारी त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात:
प्रवचनकार: नाही.
विषय: उधळ्या मुलाचा थोरला भाऊ.
प्रवचनकार: नाही.
विषय: मार्था रुसली असती तर त्या दिवशी जेवले काय असते.
इन्फ्लुएंझाच्या साली सलग सात आठवडे
प्रवचनकार: नाही.
विषय: पाणी उकळून प्या.
आठव्या आठवड्याला अक्षर वेगळं.
त्यांच्या बायकोचं असावं.
तारीख तेवढी आहे.

नंतर पुष्कळ झाले. गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे एक.
लॅटिन गेलं, वेदी लोकांकडे फिरली, माईक आला.
पुल्पिटच्या पोटात आता नाताळचा तारा,
वायरींचं भेंडोळं, मोडका पंखा.
नवे फादर चांगले आहेत, बाकांमधून चालत बोलतात,
अधूनमधून मोबाइलमध्ये बघतात.
हे विकून टाकू या का, त्यांनी विचारलं.
पणतूला बोलावलं किंमत करायला.
त्याने पेराने छत्र ठोकलं, कान लावला,
बराच वेळ लावला,
आणि किंमत न सांगताच चहा पिऊन गेला.

शनिवारी पुसायचं काम माझ्याकडे.
चौथी-पाचवी पायरी सपाट, पॉलिश शाबूत.
तिसरी मधोमध खोल गेली आहे.
चार वर्षांत एवढं लाकूड झिजत नाही, सुतार म्हणतो.
नसेल झिजत.
ओलं फडकं फिरवलं की तिथे पाणी साचतं,
वेगळं टिपावं लागतं.