तीनशे वीस

महापेतलं एक ऑफिस बंद झालं तेव्हा
वजनावर घेतला हा डबा.
कीबोर्ड फुकट, माऊस नव्हता.
पाठीवर मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर अजून तसंच.
प्रोसेसरचं वय पंधराच्या पुढे.
घणसोलीत या वयाच्या रिक्षेला
कुणी हातसुद्धा करत नाही.

कुंदन भोईरच्या बहिणीची हळद:
तीन कॅमेरे, सहा तास.
सकाळी आठला पेनड्राइव्ह हवा,
मामा उरणला परत जायच्या आत.
पडद्यावर आलं: बाकी वेळ, अकरा तास.
भिंतीवर साडेनऊ.

मग डिलीट दाबत दाबत खाली गेलो,
त्या निळ्या तळघरात,
जिथे माऊस चालत नाही, नुसते बाण.
बोर्ड स्वस्तातला, व्होल्टेज वाढवायची सोय नाही,
ताटात आहे तेवढ्यावरच पळायचं.
आधी रॅमला एक पायरी उतरवलं,
जिन्यातून कपाट नेताना
खालचा माणूस आधी पाय टाकतो तसं.
दोनशे सहासष्टचे तीनशे.
उठला.
तीनशे वीस. उठला, काही न बोलता.
आणि मला लोभ सुटला.
तीनशे तेहतीस:
पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळा.
आत माणूस आहे
आणि दार उघडत नाही.

नाण्याएवढी बॅटरी
स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढली,
मुठीत धरून बसलो दहा मिनिटं.
विसरू दे त्याला मी काय काय मागितलं ते.
पुन्हा उठला तेव्हा त्याच्या लेखी
एक जानेवारी, दोन हजार आठ.
म्हणजे बाबांची कंपनी चालू आहे
आणि ते पहिल्या पाळीला गेलेत.
मी घाईघाईनं वर्ष दुरुस्त केलं.

वाळून खडू झालेली पेस्ट पुसली,
मुगाएवढी नवी ठेवली.
कुशीचा पत्रा काढून
आईचा टेबलफॅन तिथं लावला.
पुन्हा तीनशे वीस. पुढे नाही.
दहा चाळीसला काम सोडलं.

आवाजानं बाबा उठले.
बेलापूर रोडला सव्वीस वर्षं बॉयलरवर होते.
कोपऱ्यातला आकडा बघितला: एक्याऐंशी.
"किती सोसतो?"
पंच्याण्णवच्या आसपास मंदावतो, म्हटलं,
त्याच्याही वर गेला तर बंद पडतो.
"स्वतःच?"
स्वतःच.
डब्याच्या पत्र्याला हाताची पाठ लावून
उभे राहिले जरा वेळ.
"आमच्याकडे काटा लालला टेकला
की मी पळायचो."
मग प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले.
झोपा म्हटलं, तर म्हणाले,
आता पाळी लागलीय.

पडद्यावर म्हातारी धवलारीण,
तोंड अर्धं उघडं,
एकेका फ्रेमनं गातेय
आवाज नसलेला धवला.
नवरीच्या गालाला लागलेली बोटं
तिथून निघायलाच तयार नाहीत.
मला डुलकी लागली असावी.
चारला डोळे उघडले तर चौऱ्याऐंशी,
आणि बाबा पंखा
बोटभर डावीकडे सरकवत होते.
ब्याऐंशी.
मला विचारलंही नाही त्यांनी.

आठला दहा कमी. फाईल झाली.
कुंदनला फोन लावला.
मामा रात्रीच गेले रे, म्हणाला,
आता घाई नाही, संध्याकाळी दे.

बाबांनी ऐकलं, काही बोलले नाहीत.
चहाचा कप डब्यापासून लांब ठेवला.
"उतरव आता त्याला," म्हणाले,
"पण सावकाश. एकदम विझवत नाहीत."
याला एकदमच उतरवता येतं,
एक आकडा, एक एंटर.
ते मी सांगितलं नाही.
तीनशे दहा केलं. मग तीनशे.
ते बघत होते म्हणून
दोनशे नव्वदही केलं.
टेबलफॅन पुढे वीस मिनिटं
तसाच चालू ठेवला.