अठरावा ट्रॅक

वूच शहरात नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
ट्रामच्या डेपोतून मी घरी येतो
हातात बटाट्यांची पिशवी, खिशात एक केबल.
केबल संगणकाहून महाग पडली.
नाकापेक्षा मोती जड.

स्वयंपाकघराच्या टेबलावर कमोडोर.
शेजारी त्याचा ड्राइव्ह, चहात बुडवल्यासारखा पिवळा,
चालू केला की आधी घसा खाकरतो.

फ्लॉप्या दहा. बुटांच्या खोक्यात, तेवीस हिवाळे तळघरात.
सातांवर बुरशी.
मधल्या फटीतून दिसते तेवढीच तबकडी पुसायची
स्पिरिटच्या बोळ्याने,
मग बोटाने जराशी फिरवायची,
पुन्हा पुसायची.
खिडकीशी बसलेली आई
माझ्या हातातल्या कापसाकडे बघते,
गिरणीत असा कुणी वाया घालवला नसता.

आई, लेओकाडिया, ब्याऐंशीची.
पुठ्ठ्याला भोकं पाडणं हे तिचं काम होतं.
माग जिथे धागा उचलणार तिथे भोक,
जिथे उचलणार नाही तिथे कोरा पुठ्ठा.
एका टेबलक्लॉथला चौदाशे पुठ्ठे.
"एक भोक चुकलं," ती म्हणायची,
"की ते सगळ्यांना दिसतं, लग्नात, सूप सांडायच्या आधी."

वरच्या मजल्यावरचा टिमेक आलाय, अकरा वर्षांचा.
लॅपटॉपवर त्याने खेळ उतरवून ठेवलाय,
माझ्या लहानपणीचा, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.
"या काळ्या चौकोनात किती मावतं?"
मी सांगतो.
"म्हणजे माझ्या मांजराचा एक फोटोसुद्धा नाही!"
नाही मावत. मांजर मोठं आहे.

बुरशीतून वाचलेल्या तीनपैकी दोन ड्राइव्हने नाकारल्या.
तिसरी भरलेली,
आणि तिची मागची बाजू बंद:
कडेला खाच नाही, म्हणजे लिहायची परवानगी नाही.
डेपोच्या अडगळीतून मी तिकीट-पंच आणला होता.
पेन्सिलीने खूण करायला गेलो
तर आईने दोन्ही वस्तू हातातून काढून घेतल्या,
एका फ्लॉपीवर दुसरी उलटी धरली,
डोळे खिडकीबाहेर, ट्रामच्या दिव्यांकडे,
आणि कट्.
"एकच?" तिने विचारलं.
एकच, आई.
"मग हे काय काम झालं."

पुढच्या बाजूवर काय आहे ते आधी बघू म्हटलं.
ठक ठक ठक, डोकं भिंतीवर आपटावं तसं,
आणि लाल दिवा लुकलुकायला लागला.
अठरावा ट्रॅक गेलेला.
यादी तिथेच असते, पस्तिसांच्या बरोबर मध्ये.
बाकी सगळं जागच्या जागी,
फक्त कशाला काय म्हणायचं ते पुसलेलं.
केबलमधून एकेक सेक्टर ओढून काढला,
बिननावाचा, विहिरीतून बादली वर यावी तसा,
निम्म्या वेळा रिकामी.

साडेसातला पडद्यावर तारे उमटले.
निळ्यावर फिकट निळे, चोवीस ओळी.
मला आधी कळलं नाही.
मग आठवलं: सत्त्याऐंशी साल, मी चौदा वर्षांचा,
आईच्या एका नक्षीचा कागद समोर ठेवून
बोटाने मोजत मोजत टाइप केलेली.
तिला कधी दाखवलीच नव्हती.
ती त्या वर्षी रात्रपाळीला होती.

आईने चष्मा कपाळावर सरकवला,
हातात अर्धा सोललेला बटाटा.
बराच वेळ बघत राहिली.
"नववी ओळ," ती म्हणाली, "उजवीकडे एक जास्त आहे."

आता ते बुरशीने केलं की मी, कसं सांगणार.
टिमेक म्हणाला, खोडून टाका, एकच की दाबायचीय.
मी आईकडे बघितलं. ती बटाट्याकडे वळली होती.

तसंच लिहिलं, मागच्या बाजूवर,
एक ते पस्तीस, घरघर, थांबून, घरघर,
यादीत या वेळी नाव घातलं: लेओकाडिया.
अकरा ब्लॉक. सहाशे त्रेपन्न मोकळे.
"मग माझा खेळ?" टिमेक.
"मावेल," आई म्हणाली, वळून न बघता,
"तिच्या शेजारी."