केळीचं कापड

योगेश्वरीनं नागोयाहून खोकं पाठवलं.
वर लिहिलेलं : सुती चिंध्या, किंमत शून्य.
पोस्टमन म्हणाला, मावशी, शून्य किमतीला
एवढी चिकटपट्टी?

कात्रीनं पोट फाडलं
तर आत जेवण.
म्हणजे कापडावर छापलेलं.
भाताचे तीनकोनी गोळे, कमरेला काळं फडकं.
द्वारकाबाई फेगडे डोकावून म्हणाली,
माय व, हे त लंगोट नेसेल मोदक!
वाडग्यात शेवया, शेवयांवर अर्धं अंडं,
रुमालाएवढ्या निळ्या पाण्यात गुलाबी मासे,
आणि गुंडाळून कापलेल्या चकत्या, ओळीनं.
त्या मात्र मी ओळखल्या.
अळू नाही, बेसन नाही,
पण गुंडाळायची खोड हाताला कळते.

फोनवर ती शिकवते :
आत्या, निळ्यावर पांढरा दोरा घे.
टाका तांदळाच्या दाण्याएवढा,
दोन दाण्यांत अर्ध्या दाण्याची जागा.
ह्याला साशिको म्हणतात.
मी म्हटलं, म्हणू दे.
आमच्यात ह्याला धावदोरा म्हणतात
आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.
ती हसली. तिच्याकडे रात्र झाली होती,
माझा अजून चहा व्हायचा होता.

मशीन झाकून ठेवली.
कोल्ह्यांच्या घरची बारा ब्लाउजं, लग्न दहा दिवसांवर,
हुकं राहिलेली, बाह्या राहिलेल्या.
मी दारात पाय पसरून :
खाली आईची नऊवारी, मध्ये ह्यांचं धोतर,
वर जपान.
लंगोटी मोदकांना लागून मधूची शाळेतली खाकी,
माशांना लागून छत्रीचं काळं कापड,
शेवयांना लागून एक सदरा
केळीच्या चिकाच्या डागांचा.
फैजपुरात असा सदरा नाही असं घर नाही.

खोक्याच्या तळाशी पातळ कागदात
अजून एक होतं. चतकोर तुकडा,
रंग ज्वारीच्या पिठाचा,
हात लावला की कुरकुरणारा.
चिठ्ठी : आत्या, हे केळीचं कापड.
खोडातून धागा काढून विणतात,
इथल्या दक्षिणेच्या बेटांवर. फार महाग आहे. जपून.

केळीचं.
नाकाला लावला. वास नव्हता.
रस्त्यावर कोणी नाही पाहून
जिभेलाही लावला.
मग नुसती बसून राहिले.
समोरून नेहेत्यांचा ट्रॅक्टर गेला,
घड सावद्याला, वॅगनीत भरायला,
आणि खोडं बांधावर,
आडवी, ओली, थेंब थेंब गळणारी,
ह्या मळ्यापासून त्या मळ्यापर्यंत,
पार तापीपर्यंत.
एवढे ताग्यावर तागे.
आणि मी चाळीस वर्षं
गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून त्याच खोडाचे डाग काढतेय,
लिंबानं, रॉकेलनं, शिव्यांनी.
एकही निघाला नाही.

द्वारकाबाई म्हणाली, मधोमध लाव, दिसू दे लोकांना.
मी त्याला कात्री लावली नाही.
डागाचा सदरा उलटा केला,
सगळ्यात काळ्या डागाच्या मागं तुकडा ठेवला
आणि चारी बाजूंनी
तांदूळ टाकत गेले.
बोट दोनदा टोचलं. रक्त माशांवर पडलं,
गुलाबीत गुलाबी, कोणाला कळणार?

रविवारी फोनसमोर गोधडी धरली.
मोदक बघून ती टाळ्या वाजवायला लागली,
त्यांचं खरं नाव सांगितलं, मला म्हणता आलं नाही.
मग म्हणाली, आत्या, केळीचं कुठंय?
वरून तर डागच दिसतोय.
मी म्हटलं, चाचपून बघ.

तिनं खरंच बोट पुढं केलं.
काचेवर ते एवढं मोठं झालं,
नखाला भाताचं शीत चिकटलेलं.