अंगठा

मातोंडच्या शाळेत कंपनीने टेबल मांडलं:
रास्त भावाच्या काजूसाठी नावनोंदणी.
मी रोजंदारीवर लिहून घेणारा.

शेवंती गावडे. झाडं एकोणतीस.
बी घरीच सोलते.
मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा.
पदराला घासला, तोंडाची वाफ दिली,
पुन्हा लाल.
टरफलाच्या तेलाने रेषा कधीच खाल्लेल्या,
अंगठा गुळगुळीत, ओढ्यातल्या गोट्यासारखा.

साहेब म्हणाले, नोंद होत नाही, पुढचं नाव.
ती हसली.
"गेल्या साली बी ओली म्हणान
पोत्यामागे दोन किलो कापलास,
तेवा मी होतंय मा?"

मागे अकरा जणी. सगळ्या सोलणाऱ्या.

दुपारी साहेब वेंगुर्ल्याला जेवायला गेले
तेव्हा मी माझाच अंगठा दाबत बसलो.
हिरवा. हिरवा. बारा वेळा हिरवा.
मशीनला रेषा हव्या होत्या,
कोणाच्या, ते तिने विचारलं नाही.

आता पाकिटावर छापून येतं:
थेट शेतकऱ्याच्या हातून.
माझ्या नावावर एक झाड नाही.

बाजारात शेवंती भेटली की
लांबूनच विचारते,
"काय रे, माझो आंगठो बरो आसा मा?"