पस्तीस लिटर

ए. बी. रोडच्या शोरूममधला मुलगा
पेटीवर चढून उभा राहिला, बुटांसकट.
"बघा मॅडम, काही होत नाही."
त्याचं वजन असेल पन्नास किलो,
जोडीची किंमत अठ्ठेचाळीस हजार, स्टँडचे वेगळे.
जर्मन, म्हणाला. मग जरा हळू, डिझाइन जर्मन.
मी पर्समधून टेप काढला तसा तो खाली उतरला.

सव्वीस वर्षं पॉलिटेक्निकात
पोरांना पत्रा कापायला शिकवलाय.
दीड मिलिमीटर. कोपऱ्यांना रिव्हेट.
झाकणाचं रबर आज मऊ,
दोन उन्हाळ्यांनी बिस्कीट होईल.

प्लास्टिकच्या घे, हलक्या असतात, सगळ्यांनी सांगितलं.
पण प्लास्टिक तडकतं,
आणि तडकलेल्याला काझाच्या अलीकडे कोण विचारतो?
ॲल्युमिनियमला पोचा येतो.
पोचा आलेली पेटीही शेवटी पोचते.

सियागंजच्या मागे इद्रिसभाई
नमकीनवाल्यांचे डबे करतात.
एक पस्तीस लिटरची, म्हटलं, एक अठ्ठावीसची.
"लिटर? दूध भरना है क्या, दीदी?"
मग हवेत दोन हात धरून, डोळे बारीक करून,
"मतलब चौदा किलो सेव.
बारीक हो तो सोला."

दोन्ही सारख्या का नाहीत, तर उजवीकडे सायलेन्सर.
त्याच्यासाठी सरकावं लागतं,
म्हणून उजवी अरुंद, आणि जड सामान नेमकं तिच्यात.
जागा कमी तिलाच वजन जास्त,
हे ऐकून हातोडी थांबवून नौशाद हसला.
तीन भावांच्या खोलीत तो नुकताच
बायकोला घेऊन आलाय.

"सामान लाओ, कागज नहीं."
नेलं. झोपायची पिशवी, क्लचची जादा केबल,
पंक्चरचं किट, औषधं, मोज्यांचे सात जोड,
आणि तीन लिटरचा कुकर, वन्संनी दिलेला:
बाहेरचं खाऊ नको, तुला पित्त होतं.
इद्रिसभाईंनी कुकरभोवती पत्रा धरून पाहिला,
शिंप्यानं वाढत्या अंगाच्या पोराला माप लावावं तसा,
हँडलला बोटभर जास्त.
नऊ हजार, कडी-कोयंड्यासकट.
"ताला अपना अपना."

रविवारी सिमरोलचा घाट.
दोन्हीकडे मिळून वीस किलो गहू.
वळणावर गाडी किंचित उशिरा कलायची,
मागे कोणी बसलंय
आणि विचार करून मग हो म्हणतंय, अशी.
परत येईपर्यंत गव्हाची पांढरी पिशवी
घासून घासून राखाडी.
ॲल्युमिनियम रंग सोडतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे.

पेटी मोजली होती. गाडी मोजली होती. कुकरही.
सुदामानगरातलं आमचं फाटक
छत्तीस इंच.
गाडी, पेट्यांसकट, साडेसदतीस.

म्हणून पहिला पोचा स्पितीत नाही,
घरच्या फाटकात, डाव्या पेटीला,
संध्याकाळी सातला,
वन्सं गॅलरीत कपडे काढत असताना.

बाहेरून खळगा, आतून टेकडी,
आणि टेकडी बरोबर हँडलच्या जागी.
कुंडीखालचा दगड घेतला, आतून ठोकला.
बरीच बसली. थोडी राहिली.
झाकण लागतं, कुकर मावत नाही,
उजवीत तर मुळातच मावत नव्हता.

कुकर ओट्यावर परत गेला.
त्याच्या जागी, टेकडीच्या अलीकडे-पलीकडे,
दोन किलो शेव बसली. लवंगेची, झणझणीत.
वन्संनीच आणली. शेव कुठेही बसते, म्हणाल्या,
आणि झाकण त्यांनीच तळहातानं दाबलं.

पित्ताचा विषय निघाला नाही.