काठीचा कल

सुयोगनं आणून दिली तेव्हा ती नुसती कांब होती.
सात फूट, काळी, कार्बनची,
हातात इतकी हलकी की मी विचारलं,
आतलं सामान कुठंय?
आत काही नसतं मावशी, पोकळच असते.
एवढं बोलून भाचा पुण्याच्या बसला पळाला.

नेरुळचं दुकान मार्चमध्ये सोडलं होतं.
मशीन गेलं, आरसा गेला,
रिळांचे डबे कुणी घेईना.
तीनशे बारा रिळं पलंगाखाली:
चिंतामणी, रामा, आनंदी, डाळिंबी,
गुलबक्षीच्या तर सात छटा,
कारण कुठलीच बाई दुसरीची गुलबक्षी मान्य करत नाही.

पहिलं काम, कल शोधायचा.
काठीचं बूड फरशीवर, टोक तळहातावर सैल,
दुसऱ्या हातानं मधोमध दाबायचं.
ती वाकते, मग आपणहून फिरते,
कूस बदलून एका अंगावर येऊन थांबते.
दहा वेळा दाबलं. दहाही वेळा तेच अंग.
तिथं खडूची रेघ मारली.
उरेब कापडाचंही असंच,
ओढ कुठली ते कात्रीआधी बोटाला कळतं.

मूठ बुचाची. डिंक दोन बाटल्यांतला, समसमान,
त्यासाठी खालच्या मेडिकलमधून दोन सिरिंज.
काय टोचताय काकू, पोरगा म्हणाला.
काठीला, म्हटलं.
त्यानं पावती जरा जपूनच दिली.

कड्या सात.
त्यांचे पाय कानशीनं घासून पातळ केले,
नाहीतर दोरा चढताना ठेचकाळतो.
टोकापासून चार इंच, मग पाच, मग सव्वासहा;
टेप गळ्यातच होता.
रिळावरचा दोरा जाड पंचांगाखालून ताणून घेतला.
फिरवायची काठी, दोरा नाही,
एवढं कळायला दोन संध्याकाळी गेल्या.
वेढ्याला वेढा लागून, मधे फट नको,
आणि शेवटचं टोक फासातून घालून
वेढ्यांखालून ओढून घ्यायचं.
एकतीस वर्षं गाठी मारल्या,
आणि इथं गाठच नाही.

पहिल्या कडीला चिंतामणी, गव्हाणेबाईंच्या शालूचा.
दुसरीला अबोली, नामीबायच्या लेकीच्या हळदीची.
तिसरीला डाळिंबी: त्या बाईंनी माप दिलं,
कापड दिलं, आणि पुन्हा आल्याच नाहीत.

रविवारी लेप दिला.
मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर एका टोकाला बांधली,
रात्रभर काठी सावकाश फिरत राहिली
आणि मी दर तासाला उठून पाहत राहिले.

सकाळी रंग बुडालेले.
अबोली ओल्या विटेसारखी,
चिंतामणी तर भरतीआधीची खाडी.
कुठली साडी कुणाची, मलाच ओळखू येईना.
आधी एक रंग धरणारा हात द्यायचा असतो मावशी,
सुयोग फोनवर म्हणाला, सांगायचं राहिलं.
आणि तिसरी कडी वाकडी.
केसाएवढीच.
उसवता येत नाही असं हे पहिलंच शिवण.

सरसोळ्याच्या जेट्टीवर पोशा पाटलानं
काठी डोळ्याशी लावून बंदुकीसारखी पाहिली.
वाकरी हाय गो कडी, म्हणाला.
मग गळाला कोळंबी लावून दिली:
मासल्याला क ठावं?

ओहोटी लागलेली. दोनदा प्लास्टिकची पिशवी आली.
तिसऱ्यांदा काठी वाकली,
खडूची रेघ होती बरोबर त्या अंगावर,
आणि तो ताण मनगटातून कोपरापर्यंत आला.
हा ताण माझ्या ओळखीचा होता.
तुटायच्या आधी एक आटा सैल करायचा असतो.
मी सैल केला.

शिंगाळा. काटे वर करून रागावलेला.
पाटलानं फडक्यानं धरला, गळ काढला.
मी सवयीनं टेप लावला,
पर्समधून दुकानाची वही काढली
आणि गुलबक्षी ब्लाउजाच्या खालच्या ओळीत लिहिलं:
शिंगाळा. लांबी साडेनऊ. कंबर पाच.
घट्ट नको.
परत दिला.